खंडेनवमीला खोचलेली वायर

आईला नागपूरला न्यायचं मी दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी कुठलं तरी मशीन आडवं यायचं. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं, एवढीच तिची एक हौस. बाकी तिने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. वडील होते तेव्हा, आणि ते गेल्यावरही काही वर्षं, देऊळघाटजवळच्या आमच्या खेड्यातून ती वस्तीतल्या बायांबरोबर जायची. मग तिचे गुडघे कुरकुरू लागले, रक्तदाब मागे लागला. मी तिला बुलढाण्याला माझ्या घरी आणलं आणि म्हणालो, "आता त्या गर्दीत धक्के खात जाचं नाई. मी नेतो तुले. रिझर्वेशन करून, बराबर बसवून." ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती गेलीच नव्हती.

एका वर्षी मेहकरच्या एका कॉलेजचा सर्व्हर ऐन दसऱ्याच्या तोंडावर बसला. एका वर्षी परतीच्या पावसात वीज पडली आणि अर्ध्या गावाची मोडेमं जळाली. एका वर्षी मीच तापाने फणफणलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. निदान त्या वर्षी कोणाचा फोन आला म्हणून रद्द झालं नाही. दर वेळी आई म्हणायची, "जाऊ दे, पुढल्या साली." यंदा मात्र हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं नसेल तर पुढे प्रवास विसरा. ऑपरेशनला ती तयार नव्हती. म्हणजे जे काही व्हायचं ते यंदाच. पांढरं लुगडं तिने केव्हापासून गादीखाली घडी करून दाबून ठेवलं होतं, इस्त्रीवाल्याकडे द्यायचा तिचा विश्वास नाही.

माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं तर मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगतो. पूर्वी उत्साहाने समजावून सांगायचो. समोरचा शेवटपर्यंत मान हलवायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे आमचा प्रिंटर पाहून देता का?" देतो. पाहून देतोच. बुलढाणा, मोताळा, मलकापूर, तिकडे मेहकर आणि हिवरा आश्रम, जिथे कुठे एखाद्या कोपऱ्यात सर्व्हर नावाची पेटी घूं घूं करत बसली आहे तिथे मी फेऱ्या मारतो. राजूर घाटातली वळणं मला बायकोच्या माहेरच्या माणसांपेक्षा जास्त ओळखीची झाली आहेत. पूर्वी बसमध्ये पुस्तक वाचायचो. आता खिडकीला डोकं टेकवतो आणि मोताळा आलं की जाग येते.

मलकापुरातला एक खाजगी दवाखानाही माझ्याकडे आहे. तिथे एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत एकच सर्व्हर आहे, पण त्या एका पेटीच्या पोटात चार कॉम्प्युटर चालतात: एक केसपेपरचा, एक लॅबचा, एक औषधांच्या दुकानाचा, एक हिशेबाचा. चौघांना वेगळं शरीर नाही, सगळे एकाच्याच पोटात नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आता या पोटातल्या चौघांना बाहेर टेबलांवर बसलेल्या माणसांशी बोलायचं तर वाट हवी. म्हणून पेटीच्या आत एक पूल बांधतात. आमच्या धंद्यात त्याला ब्रिजच म्हणतात. तोही दिसत नाही, चार ओळी लिहिल्या की बांधून होतो. पुलाचं एक टोक आतल्या चौघांकडे, दुसरं सर्व्हरच्या पाठीवरच्या भोकाकडे, जिथे खरीखुरी वायर खोचलेली असते. ती वायर जाते भिंतीवरच्या एका चपट्या डबीत. दवाखान्यातल्या सगळ्या टेबलांच्या वायरी त्याच डबीत येऊन मिळतात. तिला स्विच म्हणतात.

सर्व्हरच्या पाठीवर भोकं दोन होती. दोन्ही मी पुलाला जोडून ठेवली होती आणि डबीपासून वायरीही दोन ओढल्या होत्या. पण खोचायची एकच. दुसरी मोकळी, सर्व्हरच्या मागे लोंबती. एक भोक खराब झालं तर घाट उतरून पळत यावं लागू नये, फोनवरच सांगता यावं की ही काढा आणि ती खोचा, एवढाच त्यामागचा हिशेब. आमच्या भागात लाइटीचा भरवसा नसल्याने प्रत्येक गोष्टीला जोडीदार ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे. इन्व्हर्टर असला तरी कोनाड्यात मेणबत्ती असते.

दोन्ही वायरी एकदम खोचल्या तर काय होतं, हे मी तिथल्या मॅनेजरना एकदा समजावून सांगितलं होतं. कॉम्प्युटर एकमेकांना शोधताना सगळ्यांना मिळून हाक मारतात, "अमका कुठे आहे?" पुलावरून ही हाक एका वायरीने डबीत जाते. दुसरी वायरही त्याच डबीत असली की तीच हाक तिकडून परत पुलावर येते. पुलाला वाटतं, ही कोणी तरी नवीनच हाक मारली. तो ती पुन्हा पुढे पाठवतो. ती पुन्हा परत येते. अशा हाका गोल गोल फिरत राहतात, वाढत राहतात, आणि थोड्याच वेळात त्या गलक्यात कामाचं एक अक्षर कोणाला ऐकू येत नाही. मॅनेजर म्हणाले, "अच्छा, म्हणजे आमच्या मीटिंगसारखं." हुशार माणूस. फक्त ऐकत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. पुलालाच शहाणपण देता येतं. मग तो प्रत्येक वायरीवरून स्वतःचा एक छोटा निरोप अधूनमधून पाठवतो. आपलाच निरोप दुसऱ्या वायरीने परत आला की तो ओळखतो, या दोन वाटा पुढे एकच आहेत. आणि त्यातली एक स्वतःहून बंद करून ठेवतो. पहिली वाट बिघडली की बंद केलेली उघडतो. कोणाला काही सांगावं लागत नाही. खोट एकच. लाइट जाऊन आली की हा शहाणा पूल लगेच कामाला लागत नाही. आधी काही वेळ नुसता ऐकतो, मग काही वेळ कोण कुठे आहे ते शिकून घेतो, आणि त्यानंतरच इकडचं तिकडे पोहोचवू लागतो. सगळं मिळून अर्धं मिनिट जातं. मी ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काउंटरवरच्या मुलींनी तक्रार केली की लाइट आल्यावर कॉम्प्युटर एरर दाखवतो. त्यांना अर्धं मिनिट थांबा म्हटलं तर त्या तेवढ्या वेळात कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करायच्या. मॅनेजरनी मला फोन केला, "सर, ते तुमचं जे काय आहे ते बंद करा. पेशंट खोळंबतात." आधी ऐकायचं, मग शिकायचं, मग बोलायचं, ही पद्धत त्या दवाखान्यात एकट्या पुलालाच येत होती. तीही मी त्यांच्या सांगण्यावरून काढून घेतली. वाद घालायची ताकद त्या दिवशी नव्हती. हल्ली रोजच नसते.

तर यंदाच्या खंडेनवमीला सकाळच्या बसने आम्ही मायलेक घाट उतरून मलकापूरला आलो. दुसऱ्या दिवशी दसरा. गाडी दुपारची होती, दोघांचं रिझर्वेशन माझ्या फोनमध्ये होतं. फलाट पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला होता. खेड्याखेड्यातून आलेली माणसं, डोक्यावर बोचकी, पिशव्यांतून डोकावणारे निळे झेंडे, लेकरं, शिदोऱ्या. आईने बाकावर टेकता टेकता शेजारच्या बायांना विचारून टाकलं, "कोन गावच्या व तुमी?" त्या मोताळ्याकडच्या कुठल्या तरी खेड्याच्या निघाल्या, आणि थोड्या वेळात तिने त्यांच्यातल्या एकीची चुलत जाऊ आमच्या नात्यात कशी लागते ते शोधूनही काढलं. मी गाडी किती उशिरा आहे ते फोनवर पाहत होतो. तासभर उशिरा होती.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला.

"सर, सगळं बंद पडलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. केसपेपर निघत नाही, लॅबचे रिपोर्ट दिसत नाहीत, औषधाचं बिल होत नाही. खाली ही एवढी गर्दी झाली."

"लाइट गेली होती का?"

"नाही हो."

"कोणी काही हात लावला?"

"कोणीच नाही. आज खंडेनवमी ना, सकाळी मशीनची पूजा केली, तेवढंच. एक्स-रे, सोनोग्राफी, सर्व्हर, सगळं पुसून-बिसून घेतलं, हार घातले."

"पुसताना वायरी काढल्या होत्या?"

"काढल्या असतील. पण पुन्हा सगळ्या लावल्या सर. आता तर एकही लोंबत नाही. एकदम साफ काम."

एकही लोंबत नाही. मी डोळे मिटून घेतले.

"सर्व्हरच्या मागे दोन निळ्या वायरी असतील, जवळ जवळ," मी म्हणालो. "त्यातली एक काढा."

"कोणती?"

"कोणतीही."

"कोणतीही? असं कसं सर, कोणतीही?"

मी समजावलं. पुन्हा समजावलं. कोणतीही काढली तरी फेरा तुटतो, एवढंच होतं. पण जगात दोन वायरींपैकी कोणतीही काढा असं सांगणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. बाँब निकामी करताना लाल की हिरवी हे ठाम सांगावं लागतं. मीही ठाम "डावी" म्हणायला हवं होतं, पण सुचलं नाही. मॅनेजर म्हणाले, "नाही सर, पूजा झालेली आहे. आज मशीनला विश्रांती असते. दवाखाना आहे म्हणून चालू ठेवतो, पण उचकपाचक आज कोणी करणार नाही. आणि हात लावून अजून काही झालं तर? तुम्ही आज स्टेशनवर असणार म्हणाले होते ना? इथून स्टेशन काय, जवळच."

मी म्हणालो, "तासभर कागदावर लिहा की."

"कागद कुठून आणू सर? केसपेपरची छापील पॅडं तर तुम्हीच बंद करायला लावली."

ते खरं होतं. माणसाने कोणाला आधुनिक करू नये.

आई माझ्याकडे पाहत होती. "काऊन रे, काय झालं?"

"दवाखान्यातलं मशीन बंद पडलं."

"मंग जाय ना. लोकं बसले असतीन तिथं आजारी. मी काई लहान लेकरू आहो का?"

"गाडीले टाइम हाये. मी असा जातो न् असा येतो. तू इथून हलू नको."

"कुठी जाईन मी हलून?" ती म्हणाली. मी लॅपटॉपची बॅग उचलली आणि रिक्षा गाठली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या हरवू नयेत म्हणून मी त्याच बॅगेत ठेवल्या होत्या, हे रिक्षात बसल्यावरही माझ्या ध्यानात आलं नाही.

दवाखान्यात खोलीबाहेर चपला काढून आत गेलो. उंबरठ्यावर रांगोळी. आत उदबत्तीचा धूर. सर्व्हरच्या अंगावर झेंडूचा जाडजूड हार, तोही नेमका हवा आत जायच्या जाळीवर. पुढ्यात नारळ, हळदीकुंकवाची बोटं दोन्ही बाजूंना. आणि भिंतीवरच्या डबीवरचे हिरवे दिवे सगळेच्या सगळे एकाच वेळी वेड्यासारखे लकाकत होते. एरवी ते ज्याच्या त्याच्या मर्जीने लुकलुकतात. मी हार बाजूला केला, हात मागे घातला आणि हाताला लागली ती निळी वायर उपसली. दिवे शांत झाले. डबी एकदा बंद करून चालू केली. खालून काउंटरवरच्या मुलीचा आवाज आला, "आलं, आलं!" झालं काम. एवढ्यासाठी.

दारात साफसफाईच्या मावशी उभ्या होत्या. माझ्या हातातली वायर पाहून त्या म्हणाल्या, "ते मीच खोचली व्हती. लोंबत होती ना. बाकी सगळ्या वायरी जाग्यावर न् ते एकटीच लोंबे. पूजेच्या दिसी असं बरं दिसते का?"

रागवायचं मनात होतं. पण त्यांनी रोज पुसतात तसं नव्हे, सणाचं म्हणून मनापासून पुसलं होतं. सर्व्हरचा मागचा भाग इतका स्वच्छ मी विकत घेतला त्या दिवशीही नव्हता. आणि पाहा, भोक होतं, वायर होती, वायरीचं तोंड भोकात बरोबर बसत होतं. मीही तेच केलं असतं. मी म्हणालो, "काई नाई मावशी, तुमची चूक नाई." त्यांनी गूळ-खोबरं हातावर ठेवलं. मी घेतलं. घेतलं नाही की प्रश्न निघतात, आणि मला प्रश्नांचा कंटाळा आला आहे.

मी बॅगेची चेन लावत होतो तेव्हा मॅनेजर आले. "झालं का? वा सर! आता आलाच आहात तर..."

आलाच आहात तर! माझं अर्धं आयुष्य या तीन शब्दांत गेलं आहे. आलाच आहात तर अकाउंटवाल्यांचा प्रिंटर पाहा. आलाच आहात तर साहेबांच्या केबिनमध्ये वायफाय पोहोचत नाही. मी म्हणालो, "गाडी आहे माझी. आई बसली आहे स्टेशनवर."

"कुठे निघालात?"

"नागपूरला."

"अच्छा, हो हो. उद्या तुमचं ते असतं ना." ते म्हणाले. वाईट अर्थाने नव्हे. मला इतकी वर्षं ओळखणारा माणूस, माझ्या हातचा चहा प्यायलेला. "बरं, पण सर, हे पुन्हा झालं तर? उद्या तुम्ही नागपुरात, आणि इथे कोणी पुन्हा खोचली तर?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी पुन्हा बसलो. लॅपटॉप उघडला. "ते बंद करायला लावलं होतं ना तुम्ही, ते मी पुन्हा चालू करतो आहे," मी म्हणालो. "लाइट आल्यावर अर्धं मिनिट थांबावं लागेल. थांबायचं."

"पण सर, मुली..."

"थांबतील. सगळे थांबतात. माझी आई किती वर्षांपासून थांबली आहे." माझा आवाज चढला होता. मावशी दारातून निघून गेल्या.

लिहायच्या होत्या त्या ओळी थोड्याच. पण नुसतं लिहून भागत नाही. पुलाने आपला निरोप पाठवला तरी भिंतीवरची ती स्वस्तातली डबी तो पुढे जाऊ देते की गिळून टाकते, हे डबीवर अवलंबून. गिळला तर पुलाला काही कळणारच नाही आणि फेरा पुन्हा होणार. ते करून पाहिल्याशिवाय समजत नाही. मी दोन्ही वायरी खोचल्या आणि पडद्याकडे पाहत बसलो. पूल ऐकत होता. मग शिकत होता. दिवे सैरभैर होतात का, म्हणून माझी एक नजर डबीवर. खालून पेशंटांची नावं पुकारल्याचा आवाज येत होता. आणि त्या वेळात मला स्टेशनच्या बाजूने इंजिनाचा भोंगा ऐकू आला. मलकापुरात दिवसभर गाड्या जातात, मालगाडी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पडद्यावर दुसऱ्या वायरीपुढे "बंद" आलं. डबी भली निघाली होती. दोन्ही वायरी खोचलेल्या, आणि सगळं सुरळीत. अशा वेळी पूर्वी मला फार आनंद व्हायचा.

मग फोन पाहिला. तासभर उशिरा असलेल्या गाडीने वाटेत वेळ भरून काढला होता.

फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी गेली होती. बाक रिकामा होता. पांढरी गर्दीही बरीचशी ओसरली होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पाण्याच्या नळापाशी पाहिलं, बायकांच्या प्रतीक्षालयात डोकावलो. चहावाला म्हणाला, "तुमच्या संगं होत्या त्या बुढ्या माय? त्या गेल्या ना गाडीत. पाहत होत्या लय वेळ रस्त्याकडं. मंग गाडी सुटाले आली तं त्या बायांनी ओढून घेतलं वरतं. जनरलच्या डब्यात."

मी खाली बसलो. तिकीट माझ्याकडे. गोळ्या माझ्याकडे. बॅटरी उतरेल म्हणून ती फोन बंद ठेवते, तो बंदच होता. गुडघे वाकत नाहीत, पायरी चढताना दोन माणसं लागतात, ती बाई जनरलच्या डब्यात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मला भीती वाटली. मी कोणावर चिडलो होतो ते मला ठरवता येईना. मॅनेजरवर, मावशींवर, रेल्वेवर, आईवर. "हलू नको" म्हटलं होतं ना!

पुढच्या गाडीत चढायचा मी प्रयत्न केला. दारात माणसं लोंबकळत होती. एकाने माझा हात धरूनही ओढला, पण पाठीवरची बॅग अडकली आणि माझा पाय पायरीवर ठरेना. गाडी हलली तसा मी उतरलो. आणि गेलो असतो तरी त्या लाखोंच्या गर्दीत तिला कुठे शोधणार होतो? फलाटावर बसून राहिलो. तेवढ्यात एका कॉलेजचा फोन आला, मी उचलला नाही. इतक्या वर्षांच्या कामात न उचललेला तो पहिलाच फोन असेल.

ऊन कललं तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई म्हणाली, "दादा, तुमच्या मायले देतो."

"हालो," आई म्हणाली. फोनवर ती नेहमी ओरडते. "बडनेरा गेलं. मी बसली आहो, चांगली जागा देली यायनं. तू काई घाबरू नको. घरी जाय."

"गोळ्या माह्यापाशी राह्यल्या ना माय!"

"ते झालं. हे बाई हाये ना, हिले बी बीपीच हाये. हिच्यातली एक खाल्ली मी."

"दुसऱ्याची गोळी काऊन खाल्ली? कोनती होती?"

"पांढरी होती. आपली बी पांढरीच राह्यते." मागे बायांचं हसणं ऐकू आलं. कोणी तरी काही तरी म्हणत होतं, लेकरं रडत होती, आणि त्या सगळ्यातून आईचा आवाज मोठा, मोकळा येत होता. असा आवाज माझ्या घरात मी ऐकला नव्हता. "जाय आता, घाट उतरून आला, बसीनं चढून जाय. जेवजो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी संध्याकाळच्या बसने परत आलो. बायकोने विचारलं, "आई कुठं?" मी सांगितलं, ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग हसायला लागली. मला हसू आलं नाही. ती रात्र आणि पुढचा सगळा दिवस मी फोन हातात घेऊन काढला. दवाखान्यातून एकही फोन आला नाही. पूल आपलं काम करत होता.

दसऱ्यानंतर आई त्याच बायांबरोबर आली. त्यांनी तिला मलकापूरहून बुलढाण्याच्या बसमध्ये बसवून दिलं होतं, कंडक्टरला सांगून. स्टँडवर मी घ्यायला गेलो. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, आवाज बसला होता, पांढऱ्या लुगड्याची पार रया गेली होती. हातात पुस्तकांची पिशवी. तिला वाचता येत नाही, नातीसाठी घेतली म्हणाली. रिक्षात बसायला तिला दोन माणसं लागली आणि ती सारखी बोलत होती. कुठे झोपलो, कोणी पाणी दिलं, रांगेत कोणी पुढे जाऊ दिलं, स्तूपाच्या आत गेल्यावर काय वाटलं. ते शेवटचं मात्र तिने नीट सांगितलं नाही. "चांगलं वाटलं," एवढंच म्हणाली आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

घरी आल्यावर मी तिला खाटेवर बसवलं आणि तेल कोमट करून आणलं. खाली बसून तिचे पाय मांडीवर घेतले.

"पुढल्या साली नक्की माय," मी म्हणालो. "सगळ्यायले आधीच सांगून ठेवतो. फोन बंदच करून टाकतो. डॉक्टर काई म्हनो, मी नेतो तुले."

"तू नको तिकीट काढू," ती म्हणाली. "मी त्या बायायच्या संगंच जाईन. ठरलं आमचं."

"राग आला का तुले?"

"राग कायले येईन? तू काम करतं, मले माईत नाई का? तुह्या जिवाले किती दगदग हाये ते दिसते मले." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सहज, पिशवीतली पुस्तकं नीट लावता लावता म्हणाली, "पन एक सांगू? तू नेशीन, तू नेशीन म्हनून थांबली होती मी इतके साल. नाईतं तं मी दर साली गेली असती. गुडघे चांगले होते तवा."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मी तिच्या घोट्यांना तेल चोळत राहिलो. पुढच्या वर्षीपासून रजा नको, तिकीट नको, फलाट नको, असं मनात आलं आणि खांद्यांवरून काही तरी उतरल्यासारखं वाटलं. खरोखर हलकं वाटलं. ते तिला माझ्या हातांतून कळलं असणार, म्हणून मी बराच वेळ मान वर केली नाही.